लॅबच्या लाइनीत भेटलेल्या दादांना

दादा,

तुमचं नाव लिहीत नाहीये, तुम्हीच नको म्हणालात. पण हे सगळ्यांसमोर लिहायचं मी ठरवलंच होतं, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल चहा घे" म्हणता आणि विषय तिथेच संपतो.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. ऑपरेशनला सहा दिवस झालेले, कॅन्सरच्या गाठीमुळे उजवीकडची टेस्टिस, म्हणजे अंडकोषातली गोटी, काढलेली, जांघेत टाके, आणि मी एक हात पोटाखाली धरून लाइनीत उभा. घरी फक्त बायकोला खरं माहीत, आईला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं, चीर तिथेच असते म्हणून ते खपून गेलं. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बीटा एचसीजी? भैया, ये तो प्रेग्नेंसी वाला टेस्ट है." मागे दोघं-तिघं हसले. मी खरंच निघून जाणार होतो दादा, फॉर्म परत मागायला हात पुढे केला होता. तेवढ्यात मागून तुमचा आवाज, "ट्यूमर मार्कर है भाई, मेरे फॉर्म पे भी यही लिखा है, दोनों की पर्ची बना दो." आणि मग माझं आडनाव वाचून मराठीत, हळूच, "आज कितवा दिवस?"

किती दिवसांनी कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. त्याआधी एका डॉक्टरने सोनोग्राफी न करता इन्फेक्शन म्हणून दोन महिने नुसत्या गोळ्या दिल्या होत्या, आणि दुखत नाही म्हणजे साधंच असणार असं धरून मीही बसून राहिलो. बऱ्याचदा ही गाठ दुखतच नाही, हे मला तुमच्याकडून कळलं, आणि विशी-तिशीतल्या मुलांनाच हा आजार जास्त होतो हेपण. तोवर मला वाटत होतं अख्ख्या इंदूरमध्ये एकट्या मलाच झालाय.

मग तुम्ही पोहे खायला नेलंत. तुमच्या पॅथॉलॉजीत सेमिनोमा होता, या कॅन्सरचा एक प्रकार, गाठ तिथेच थांबलेली, आठ वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं आणि नंतर फक्त चेकअप. माझ्या रिपोर्टमध्ये मिक्स्ड जर्म सेल, म्हणजे मिश्र प्रकार, लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते हे, की माझं जसं झालं तसं तुझं होईल असं धरू नको, आपल्या गाठीची जात एक, पण रस्ता वेगळा निघू शकतो. खोटा धीर दिला असतात तर मी दुसऱ्यांदा फोन केलाच नसता. जिरावण मसाला सांडलेल्या त्या पोह्याच्या कागदावर तुम्ही पेनाने उतार काढून दाखवलात, एएफपी, म्हणजे एचसीजीसारखाच गाठीमुळे रक्तात वाढणारा मार्कर, ऑपरेशननंतर साधारण पाच-सात दिवसांत निम्मा व्हायला हवा, एचसीजी त्याहून लवकर, दीड दिवसात वगैरे, म्हणून एकच आकडा धरून बसायचं नाही, तारीख घालून शेजारी शेजारी लिहायचे आणि उतार बघायचा. माझा एएफपी ऑपरेशनच्या आधी ६४० होता, सहा दिवसांनी ५१० आला, पुढच्या आठवड्यात ४९५. मी तर खूश होतो, कमी होतोय ना! तुम्ही कागद बघून गप्प झालात आणि म्हणालात, हा कागद उद्याच डॉक्टरांना दाखव, सीटी कधी करायचा ते विचार. सीटीत पोटातली एक लिम्फ नोड मोठी निघाली. वाईट बातमी होती, पण ती ऐकताना मला निदान समजत होतं की डॉक्टर काय बोलतायत.

आता जे लिहितोय ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. केमो ठरली त्या रात्री तुमचा फोन आला. "मुलं?" मी म्हटलं नाही, लग्नाला दीडच वर्ष झालंय. "मग पहिली बाटली लागायच्या आधी सीमेन फ्रीज करायचं विचारलंस का?" हा शब्दसुद्धा मी कुणाकडून ऐकला नव्हता. केमोने स्पर्म कमी होतात, पुष्कळांचे परत वाढतात पण सगळ्यांचे वाढतीलच असं नाही, आणि ही गोष्ट आधीच करायची असते, नंतर सुचून उपयोग नसतो. डॉक्टरांना विचारलं तर लगेच हो म्हणाले, दोन-चार दिवस थांबू शकतो, पण तोपर्यंत विषय निघालाच नव्हता, आणि मला तोंड उघडायला झालं नसतं. तुम्ही ॲक्टिवावर मागे बसवून नेलंत, दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून. मी वर गेलो, तुम्ही खाली गल्लीत उन्हात थांबलात. खाली आलो तेव्हा मला कुणाकडे बघवत नव्हतं. तुम्ही काही विचारलं नाहीत. हेल्मेट पुढे केलंत आणि म्हणालात, नीट बस, टाके जपून. आज उणे १९६ डिग्रीच्या नायट्रोजनमध्ये आमची जी काही शक्यता ठेवलेली आहे ती तुमच्या त्या एका फोनमुळे आहे, आणि हे वाक्य माझ्या बायकोने मला मुद्दाम लिहायला सांगितलंय.

काढलेल्या गाठीच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला, परळला टाटा हॉस्पिटलला जाऊन आलो, तिथेही तेच सांगितलं, बीईपीच्या, म्हणजे तीन औषधांच्या केमोच्या, तीन सायकल. परत आल्यावर आईला खरं सांगितलं. ती एक दिवस काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी खजराण्याला गणपतीला जाऊन आली आणि मग पेज करायला लागली.

केमोतलं सगळं नाही लिहीत. सिस्प्लॅटिनच्या, म्हणजे त्यातल्या एका औषधाच्या, दिवसांत सलाइन आणि पाणी, पाणी, पाणी, किडनीसाठी, कानात बारीक शिट्टी, तोंड आलेलं. तुम्हाला केमो झाली नव्हती आणि ते तुम्ही कधी लपवलं नाहीत. म्हणून तुम्ही बीईपी झालेल्या एका मुलाशी माझं बोलणं करून दिलंत, आणि स्वतः फक्त एक थर्मामीटर आणून दिलात. त्याच्या डबीवर स्केचपेनने लिहिलेलं, १००.४. याच्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन घेऊन झोपायचं तर अजिबात नाही, कारण पांढऱ्या पेशी पडलेल्या असतात. दुसऱ्या सायकलच्या अकराव्या दिवशी रात्री पावणेदोनला १०१ आला. बायकोने तुम्हाला फोन लावला, बापट चौराह्यापासून राजेंद्र नगरपर्यंत तुम्ही किती वेळात आलात मला माहीत नाही, मला फक्त तुमची उलटी घातलेली स्वेटर आठवते. अर्ध्या तासात अँटिबायोटिकची ड्रिप सुरू झाली होती.

त्याच ॲडमिटमध्ये तुम्ही क्रिकेटर युवराज सिंगचं सांगितलंत. २०११ चा वर्ल्ड कप खेळला तेव्हाच त्याची तब्येत बिघडत होती, आणि नंतर निघाला तो याच जातीचा ट्यूमर, फक्त छातीत, दोन फुफ्फुसांच्या मध्ये. त्याने ज्या डॉक्टर आइनहॉर्नकडे इंडियानापोलिसला ट्रीटमेंट घेतली, त्यांनीच १९७४ मध्ये या आजारात सिस्प्लॅटिन दुसऱ्या औषधांबरोबर देऊन बघितलं होतं, त्याआधी पसरलेला असला तर बहुतेक मुलं जायची. तेव्हा माझ्या हाताला तीच बाटली लागलेली होती. मी बराच वेळ त्या थेंबांकडे बघत होतो.

आणि तो प्रश्न, एकाच टेस्टिसवर नवरा म्हणून सगळं जमेल का, जो मी रात्री एकला मेसेज करून लगेच डिलीट केला होता, तुम्ही वाचला होतात. सकाळी फोन करून सरळ उत्तर दिलंत. एक असली तरी हार्मोन पुरतात, बहुतेकांचं सगळं पहिल्यासारखं चालतं, थकवा किंवा मन लागत नाही असं राहिलं तर टेस्टोस्टेरॉन तपासून घे, बायकोशी बोल, आणि उरलेली महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर हाताने तपासायची सवय लाव. "इम्प्लांटपण बसवतात, हवं तर. मी नाही बसवलं. तुझं तू ठरव." इतकं साधं कुणी माझ्याशी बोललं नव्हतं, माझ्या सख्ख्या भावालाही जमलं नाही, तो अजून "तब्येत कशी" एवढंच विचारून इकडेतिकडे बघतो. त्याला दोष देत नाही.

तिसरी सायकल संपून सात महिने झाले. मार्कर नॉर्मल, नोड आक्रसली. पहिली दोन वर्षं जास्त लक्ष ठेवायचं असतं, ते चालू आहे, प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप नसते तेही चालूच आहे. तो पोह्याचा कागद फाइलमध्ये पॅथॉलॉजीच्या मागे लावलाय, तेलाचा डाग आता पलीकडच्या पानावर उतरलाय, आईने दोनदा कचरा समजून काढला होता. त्यावरच पुढचे सगळे आकडे लिहीत गेलो, आता जागा संपत आलीये.

पुढच्या महिन्यात तुमचं वर्षाचं चेकअप आहे ना, वहिनींनी तारीख सांगितली. यावेळी गाडी मी आणतो, तुम्ही मागे बसा. फॉर्म मी देईन काउंटरवर. आणि तोपर्यंत थंडी पडलेली असेल, सराफ्यात तळलेले गराडू कंद आलेले असतील, मागच्या वर्षी तोंड आलेलं म्हणून माझ्या वाटचे तुम्हीच खाल्ले होते.