अहिल्यादेवींचं नाणं गल्ल्यातही येऊ द्या

संपादक महोदय,

पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त 31 मे 2025 रोजी भोपाळमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तीनशे रुपयांचं नाणं निघालं. त्यांचं जन्मगाव चौंडी आमच्या जामखेड तालुक्यातलं, तेव्हा आनंद झालाच. पण ते नाणं इकडे कुणाच्या हातात मी अजून पाहिलेलं नाही. अशी नाणी चलनात येतच नाहीत. टांकसाळीकडे मागणी नोंदवायची, दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे भरायचे, मग ते घरी येणार आणि कपाटात जाणार. संग्राहकांची हौस भागते, भागू दे. आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईचं काय?

मी एसटीत वाहक होतो. 1999 साली शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं अकरा कोनी नाणं आलं. सुट्ट्यांवरून रोज भांडणारे प्रवासी तेव्हा 'मास्तर, महाराजांचं असलं तर द्या' म्हणून गोड बोलायचे. एक म्हातारी तिकिटाला पैसे काढताना ते नाणं चिमटीत धरायची, बघायची, परत कनवटीला लावायची आणि मळकी नोट पुढे करायची. त्याच वर्षी माउलींचा रुपया आला, 2002 मध्ये तुकोबांचं दोन रुपयांचं नाणं. ती सगळी माझ्या चामडी पिशवीतून गेली.

खुद्द अहिल्यादेवींच्या रुपयावर त्यांचा मुखवटा नव्हता. शिवलिंग आणि बेलपान असे, नाव दिल्लीच्या बादशहा शाहआलमचं. पण तो माळव्याच्या पेठांतून फिरत होता.

नवी छाप आली की लोक गोंधळतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. बाबासाहेबांचं 2015 चं दहा रुपयांचं नाणं एका दुकानदाराने मला 'चालत नाही' म्हणून परत केलं. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये दहाच्या चौदाही छापा वैध असल्याचं सांगितलं होतं, पण ते गल्ल्यापर्यंत पोचलंच नाही. यावर इलाज छाप बंद करणं नव्हे. बँकेत आणि एसटी स्थानकात नमुन्यांचे फलक लावा. अमृत महोत्सवाच्या बोधचिन्हाची एक ते वीस रुपयांची नाणी 2022 मध्ये चलनात आणलीच ना?

तेव्हा अहिल्यादेवींचं दहा किंवा वीस रुपयांचं साधं नाणं काढावं. जयंतीला चौंडीत गर्दी लोटते. त्या दिवशी बँकांनी तिथे नाणे मेळावा भरवून नोटांच्या बदल्यात ती द्यावीत.

– एक निवृत्त एसटी वाहक, जामखेड (जि. अहिल्यानगर)