डार्करूमवाल्या काकांना, मित्रांच्या चेहऱ्यांबद्दल आभार

प्रिय काका,
सादर नमस्कार.

आमच्या दिवंगत कविमित्रानं काढलेले त्याच्या मित्रांचे फोटो आज डोळे भरून पाहता येतात, ते तुमच्यामुळे. लघुनियतकालिकांच्या, म्हणजे कवींनी स्वतः काढलेल्या छोट्या अंकांच्या आसपासची ती सगळी मंडळी: कवी, चित्रकार, रात्र जागून सायक्लोस्टाइलवर अंक काढणारे. त्याच्या पेटीत त्यांचे रोल होते आणि पाकिटांवर जेमतेम महिना किंवा एखादं आडनाव. पत्र सर्वांसमोर लिहितो आहोत, कारण ठाण्यात, वाशीत, बेलापुरात अशा पेट्या अजून माळ्यांवर असणार. तुम्ही काय आणि कसं केलंत, ते त्या घरांनाही कळावं.

खाडीकाठच्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी धरते. घरात पहिला विचार येतो धुऊन काढण्याचा, आणि घात होतो तो तिथेच. चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर बुरशीनं खाल्ला की पाण्यात विरघळतो आणि चेहरा पाण्याबरोबर निघून जातो. तुम्ही 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचा बोळा आणि एकाच दिशेनं हलका हात एवढ्यावर काम केलंत. दर वेळी नवा बोळा, आधी फिल्मची चकचकीत बाजू आणि मग चित्राच्या थराची मंद बाजू. व्हिनेगरसारखा वास येणारे रोल पहिल्याच दिवशी वेगळ्या डब्यात गेले, कारण अॅसिटेटच्या त्या वाफेनं शेजारचे धडधाकट रोलही कुजायला लागतात. पीव्हीसीची चिकटणारी पाकिटं तुम्ही सरळ फेकायला लावलीत.

मग कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेमांची निगेटिव्हच्याच आकारातली एकत्र प्रिंट. सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या 8×10 इंची कागदावर मावत नाहीत, कडेचे फ्रेम नंबर कापले जातात. म्हणून तुम्ही 10×12 चा कागद घेतलात. त्या नंबरांमुळेच पुढे कोण कोणाच्या आधी आलं, बैठक कुठे सुरू होऊन कुठे संपली, हे लावता आलं.

पण खरे आभार मानायचेत ते प्रिंटबद्दल. हे फोटो चहाच्या दुकानात, एका बल्बखाली काढलेले. 400 ची फिल्म पुश करून, म्हणजे उजेड कमी म्हणून ती 1600 ची धरून आणि मग जास्त वेळ डेव्हलप करून वापरलेली. अशा निगेटिव्हमध्ये सावल्या कोऱ्या असतात आणि बल्बजवळचं सगळं दाट होऊन बसतं. नेहमीच्या ग्रेडवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाच्या नेहमीच्या पातळीवर प्रिंट काढली की कपाळ खडूसारखं पांढरं आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. तुम्ही ग्रेड विभागून प्रिंट काढलीत: एन्लार्जरचं भिंग f/8 वर ठेवून आधी सगळ्यात मऊ 00 फिल्टरनं 12 सेकंद, मग सगळ्यात कडक 5 नंबरनं 6 सेकंद, आणि या दुसऱ्या एक्स्पोजरमध्ये डोळ्यांवर 2 सेकंद डॉजिंग, म्हणजे तेवढ्या जागेवरचा उजेड अडवणं. आकडे दर निगेटिव्हला बदलत गेले, क्रम मात्र तोच राहिला.

सावळ्या माणसाच्या अंगात पांढरा सदरा असला की एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही साधत नाहीत. सदऱ्याकडे पाहून वेळ धरली तर चेहरा काळाठिक्कर होतो, आणि चेहरा उजळला की सदरा कोरा जातो. स्टुडिओंची जुनी सवय म्हणजे चेहरा गोरा करून द्यायचा. गिऱ्हाईकही तेच मागायचं. तुम्ही ते केलं नाहीत. टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेळ ठरवायची चाचणीची पट्टी, सदऱ्यावर न ठेवता गालावर ठेवलीत, वेळ गालावरून ठरवलीत, आणि भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून सदऱ्याला 8 सेकंद जास्त दिलेत. ज्यांच्या कवितेत त्यांच्या वस्तीचा रंग होता, त्यांच्या चेहऱ्याचा रंग तुम्ही जपलात. हे ऋण आम्ही विसरणार नाही.

प्लास्टिकचा लेप नसलेल्या फायबर कागदाला धुण्याची घाई चालत नाही. चित्र पक्कं करणारं रसायन, हायपो, कागदात राहिला की काही वर्षांत पिवळे डाग पडतात. लिटरला 20 ग्रॅम सोडियम सल्फाइट, त्यात 10 मिनिटं, मग अर्धा तास वाहतं पाणी. पाणी कपातीच्या दिवशी दर 5 मिनिटांनी ट्रे रिकामा करून पुन्हा भरायचा.

फोटोखालच्या ओळी हातानं लिहिण्याचा आग्रहही तुमचाच. दाखला तुम्ही अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्गचा दिलात. 1962 मध्ये मुंबईत येऊन गेलेल्या या कवीनं 1953 साली 13 डॉलरला जुना कोडॅक रेटिना कॅमेरा घेऊन मित्रांचे फोटो काढले होते. निगेटिव्ह कागदपत्रांत पडून राहिल्या, 1983 च्या सुमारास पुन्हा हाती आल्या, आणि मग त्यानं प्रिंटखालच्या पांढऱ्या जागेत स्वतः लिहायला घेतलं. न्यूयॉर्कच्या फायर एस्केपवर, म्हणजे इमारतीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर, उभ्या त्याच्या लेखकमित्राच्या, जॅक केरुआकच्या खिशात रेल्वेच्या ब्रेकमनचं (गाडीचे ब्रेक सांभाळणाऱ्याचं) नियमपुस्तक आहे, हे त्या ओळींमुळे कळतं. खिसा फोटोत दिसतो, पण त्यातलं पुस्तक कोणतं हे मित्रालाच माहीत असतं.

म्हणून 11×14 च्या कागदावर 6×9 चं चित्र, थोडं वर सरकवून. लिहायला पिगमेंट शाईचं पेन. बॉलपेन कागदाला दाबतं, स्केचपेन पसरतं, आणि प्लास्टिक लेपाच्या आरसी कागदावर शाई नीट बसत नाही. नावं डावीकडून उजवीकडे, मग जागा, मग साल. साल अंदाजाचं असेल तर ‘सुमारे’ लिहायचंच. भिंतीवरचं कॅलेंडर किंवा हातातल्या अंकाचं मुखपृष्ठ भिंगातून वाचता आलं, तरच ‘सुमारे’ खोडायचं.

अजून काही चेहऱ्यांपुढे तुम्ही पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह ठेवलंय. नौपाड्यातल्या, वाशीतल्या ज्या थोरामोठ्यांनी त्या बैठका पाहिल्यात, त्यांनी कॉन्टॅक्ट शीट बघायला जरूर यावं. भिंग आणि पेन तयार ठेवलंय, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे ओळख सांगणाऱ्याचं नावही प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं जाईल.

तुमचे ऋणी,
कविमित्राच्या मंडळातले आम्ही सारे
ठाणे आणि बेलापूर