अंधारात बडबडणाऱ्या पेशी

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस ना, की तो अंधुक तारा सरळ त्याच्याकडे बघितलं की गायब का होतो, आणि मी "नंतर सांगतो" म्हणून कटवलं, खरं म्हणजे तेव्हा मलाच अर्धवट माहीत होतं. आता वाचून बसलोय, घे.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, अंधुक उजेडात बघणाऱ्या साधारण 12 कोटी रॉड पेशी असतात आणि रंग ओळखणाऱ्या कोन पेशी फक्त 60 लाखांच्या आसपास. पण आपण रोखून बघतो तेव्हा प्रतिमा पडते त्या बरोब्बर मधल्या ठिपक्यात एकही रॉड नाही, सगळे कोन, आणि एवढ्याशा उजेडात कोनला काही कळत नाही. जरा बाजूला बघ, तारा हजर. झालं तुझं उत्तर.

मी मात्र भलतीकडेच अडकलो. मला वाटायचं उजेड पडला की पेशी जागी होते आणि पुढे निरोप धाडते. सगळं उलटं आहे रे! रॉड अंधारात चालू असते. सीजीएमपी नावाच्या छोट्या रेणूने तिची चॅनेल्स, म्हणजे तिच्या आवरणातली दारं, उघडी धरलेली असतात, सोडियम आत येत राहतं, तिच्या आतलं व्होल्टेज उणे 40 मिलिव्होल्टच्या आसपास, आणि ती पुढच्या पेशीवर ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन सोडत बसते, नुसती बडबड. उजेड आला की ती गप्प होते, आणि ते गप्प होणं म्हणजेच "दिसलं". झोपेत पंखा बंद पडल्यावर जाग येते ना, तसलं काहीतरी.

आणि गप्प कशी होते बघ. रोडोप्सिन या प्रथिनाच्या पोटात व्हिटॅमिन ए पासून बनलेला रेटिनल हा वाकडा रेणू बसलेला असतो, त्याने एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, झेलला की तो सुमारे 200 फेम्टोसेकंदात (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दशलक्षावा भाग) सरळ होतो, मग रोडोप्सिन ट्रान्सड्युसिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला उठवतं, ते एका एन्झाइमला, ते एन्झाइम सीजीएमपी फस्त करतं आणि चॅनेल्स मिटतात. 1979 मध्ये बेलर, लॅम आणि याउ या शास्त्रज्ञांनी टोड जातीच्या बेडकाच्या रॉडचं टोक बारीक काचनळीत ओढून घेऊन एकेका फोटॉनला मिळणारा प्रतिसाद मोजला. एकेका फोटॉनला! मी ते वाक्य तीनदा वाचलं.

हे सगळं घडतं पेशीच्या टोकाकडे, जिथे हजारेक चकत्या नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या असतात. (हा भाग मुळात सिलियमच, म्हणजे पेशीच्या अंगावरचा केस म्हण, ज्याचं नंतर हे असं काहीतरी झालं.) खालून नव्या चकत्या बनतात, वरून जुन्या गळतात आणि मागचा पिगमेंट पेशींचा थर त्या गिळून टाकतो, साधारण 10 दिवसांत अख्खी चळत नवी. म्हणजे गेल्या महिन्यात तू ज्या चकत्यांनी तारे बघितलेस त्या कधीच पचल्या.

तोच थर सरळ झालेला रेटिनल परत वाकवूनही देतो, पण आरामात, म्हणून अंधाराला डोळे नीट सरावायला अर्धा तास तरी जातो. तेव्हा शनिवारी जमल्यावर दर पाच मिनिटांनी फोन काढलास तर बघ. रॉडना लाल उजेड जवळपास कळतच नाही, म्हणून मी टॉर्चवर लाल जिलेटिन चिकटवून आणतोय, तुझ्यासाठी पण एक तुकडा ठेवलाय.

तुझाच