आउटपुट व्हॉल्व्ह बदलण्याआधी दोन नंबरची पिन तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

13 फेब्रुवारीच्या जागतिक रेडिओ दिनाच्या सुमारास जुन्या रेडिओंवर बरेच छापून येते आणि माळ्यावरचे मर्फी, बुश, फिलिप्स खाली उतरतात. पुसले की थेट प्लगमध्ये! वर्षानुवर्षे बंद असलेल्या सेटला एकदम 230 व्होल्ट देऊ नयेत. आधी 60 वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावावा (एलईडी चालत नाही). तो क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

त्यातून पार पडलेल्या सेटमध्ये एक दोष हटकून सापडतो. पाच-दहा मिनिटे रेडिओ छान वाजतो, मग आवाज घोगरा होतो, गरम मेणाचा वास येतो आणि दिवा मालवून पाहिले तर ईएल 84 ची (स्पीकरला आवाज पुरवणारी काचेची नळी, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह) आतली धातूची प्लेट लालसर दिसते. निदान ठरलेले असते : आउटपुट व्हॉल्व्ह गेला. नवा बसवतात, थोड्या दिवसांत तोही जातो. कधी सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही नेतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सने हे व्हॉल्व्ह बनवणे केव्हाच थांबवले. हाती लागलेला चांगला नग असा वाया घालवणे परवडणारे नाही.

दोष बहुधा कपलिंग कंडेन्सरचा असतो. ईबीसी 81 (आधीच्या टप्प्याचा व्हॉल्व्ह) ची प्लेट आणि ईएल 84 चे ग्रिड (करंटवर ताबा ठेवणारी जाळी) यांच्यामधला हा 0.01 मायक्रोफॅरडचा नग कागद-मेणाचा असेल तर आपल्या पावसाळी हवेत ओल धरतो आणि डीसी गळू देतो. प्लेटवर 100 व्होल्ट, ग्रिडचा रेझिस्टर 470 किलोओहम आणि गळती फक्त 10 मेगओहमची धरली, तरी ग्रिडवर साडेचार व्होल्ट पॉझिटिव्ह चढतात आणि व्हॉल्व्ह जास्त करंट ओढून तापतो. कंडेन्सर तापला की गळती वाढते, म्हणून बिघाड लगेच दिसत नाही. मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर हाच नग चोख उतरतो, कारण मीटर त्याला जेमतेम एक-दोन व्होल्टच देतो.

तेव्हा सेट चालू ठेवून मीटरची काळी प्रोब चेसिसला (रेडिओच्या धातूच्या सांगाड्याला), लाल ईएल 84 च्या पिन 2 ला लावावी. पिना खालून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. वाचन शून्याच्या आसपास हवे. अर्धा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह आले आणि वाढत राहिले, तर सेट बंद करून फिल्टर कंडेन्सर 10 किलोओहम, 5 वॉटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करावेत, कपलिंग कंडेन्सरचे ग्रिडकडचे टोक सोडवावे आणि पुन्हा मोजावे. आता शून्य आले तर दोषी कंडेन्सर. तरीही पॉझिटिव्ह चढत असेल तर मात्र व्हॉल्व्हच बिघडलेला. कंडेन्सरच्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, 630 व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन बसवावा. नंतर पिन 3 वर कॅथोडचे व्होल्टेज पाहावे. कॅथोडच्या 150 ओहमच्या रेझिस्टरवर 7 व्होल्ट म्हणजे सुमारे 47 मिलिअँपिअर, हे ठीक. 11-12 आले तर करंट 73-80 वर गेलेला असतो. सेट तसा चालू ठेवू नये.

सगळे कंडेन्सर एका बैठकीत उपटायची घाई नको. एक बदला, वाजवून पाहा, मग पुढचा. नाहीतर नवी चूक कुठे झाली ते कळत नाही. आयएफ कॅनच्या (जुळवलेल्या कॉइलच्या धातूच्या डब्यांच्या) स्क्रूला तर हातच लावू नये. घरघर घालवायला 220 मायक्रोफॅरडचा फिल्टर टाकण्याची फॅशनही घातक आहे : ईझेड 80 ला (एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) पहिल्या कंडेन्सरची मर्यादा 50 मायक्रोफॅरडची आहे.

हे सारे मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटचे. आत यूएल 84, यूवाय 85 असे 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले, तर तो एसी/डीसी सेट. त्याची चेसिस थेट मेन्सला जोडलेली असते, प्लग उलटा बसला तर तिच्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्याला मीटर लावू नये. शिवाय फिलामेंट एकाच माळेत असल्याने एक व्हॉल्व्ह काढला की बाकीचेही विझतात. म्हणून तिथे व्हॉल्व्ह काढून नव्हे, कंडेन्सरचे टोक सोडवूनच तपासावे.

— एक रेडिओ दुरुस्तीकार, ठाणे