साताऱ्याच्या व्हॉल्व्हमन काकांना

ती. काकांना शि. सा. नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण साताऱ्याच्या जुन्या पेठांत ज्यांच्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षं पहाटे उठून पाण्याचे व्हॉल्व्ह सोडलेत, ते वाचून ओळखतीलच.

डोंबिवलीची आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि घरात प्रश्न पडला: बिल्डरच्या भाड्यात तिथेच जवळपास दिवस काढायचे, की गावच बदलायचं? ह्यांचं काम आता घरूनच चालतं, मुलगी शिकायला बाहेर आहे, सासूबाईंना जिने चढवत नाहीत. मग सुट्टी आली की आम्ही निघायचो. कधी कल्याणहून संध्याकाळची पंचवटी पकडून नाशिक, कधी रात्रीची महालक्ष्मी धरून सांगली-कोल्हापूर. नाशिक फार आवडलं, पण गंगापूर रोडचे भाव आमच्या आवाक्यातले नव्हते. सांगलीत लोक स्वतःहून भिंतीवर हात ठेवून दाखवायचे, २०१९ ला पाणी इथवर होतं म्हणून. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. परक्या माणसाला हे न लपवता सांगणाऱ्या त्या सांगलीकरांचेही इथे आभार मानते. बाकी ठिकाणी घर दाखवायला पुष्कळ जण आले, गाव कसं आहे ते कोणी सांगितलं नाही.

मग साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, चढावरचं ते घर आमच्या मनात भरलं होतं. पुढे अंगण, मागे किल्ला, सासूबाईंसाठी तळमजल्यावर खोली. एजंट किल्ली आणायला गेला होता आणि तुम्ही समोरच्या ओट्यावर बसला होतात. "पाण्याच्या टायमाला येऊन बघितलं का?" एवढंच विचारलंत. आम्ही इतकी गावं फिरलो, पण हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही आम्हाला त्याच गल्लीच्या तोंडाशी बोलावलंत. निवृत्त झालेला माणूस, अंधारात, अंगावर स्वेटर घालून आमच्याआधी हजर. कास तलावाचं पाणी डोंगरावरून उताराने कसं येतं ते तुम्ही समजावलंत. ते शहरात पोचलं तरी पुढे सगळा खेळ टाकीच्या उंचीचा आणि व्हॉल्व्हचा. खालच्या घरांनी नळाला मोटारी लावल्या की लाइनच्या शेवटच्या टोकाला, चढावर, करंगळीएवढी धार उरते. आम्ही उभे राहून बघितलं. खालच्यांचं भरून झालं तेव्हा कुठे त्या घराच्या नळाला पाणी आलं, आणि दोन बादल्या होतात न होतात तोच गेलं. तुम्ही ह्यांच्याकडे वळून म्हणालात, "रोज खालून कळश्या कोण आणणार?" हा प्रश्न तुम्ही त्यांना विचारलात, मला नाही. काका, ते मी कधी विसरणार नाही.

एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. स्कूटरवर पुढे तुम्ही, मागे रिक्षात आम्ही, असे नगर भूमापन कार्यालयात गेलो आणि तुम्ही मिळकत पत्रिका काढायला लावलीत. तिच्यावर विकणाऱ्याच्या जोडीला आणखी वारसांची नावं होती. आम्हाला त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. "ह्या सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही." टोकन त्याच आठवड्यात द्यायचं ठरलं होतं, आणि ते पैसे सासऱ्यांच्या फंडाचे होते. सासूबाईंनी ते कसे जपले ते मला माहीत आहे.

आपल्या गावाची भलामण तुम्ही एकदाच केलीत. येताना जुन्या राजवाड्यापाशी थांबलात आणि म्हणालात, ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव इथल्या शाळेच्या पटावर चढलं. बाकी सगळं खरं खरं, गावाच्या विरोधात जाणारंसुद्धा.

"विकत घ्यायची घाई करू नका, एक पावसाळा भाड्याने काढा," हा तुमचा सल्ला आम्ही पाळला. अकरा महिन्यांचा करार केला आणि तुम्ही सांगितलंत तसा तो नोंदवूनही घेतला. जुलैत भिंत काय करते ते उन्हाळ्यात दिसत नाही, हे तुमचं म्हणणं त्या पावसाळ्यात पटलं. आवडलेली आणखी एक जागा आम्ही तेव्हा सोडली. पश्चिमेची अख्खी भिंत ओल धरून बसली होती. रात्री दहाला रिक्षा मिळते का, औषधाचं दुकान किती वाजता बंद होतं, हेही राहूनच कळलं. माझा भाऊ चिपळूणला जागा बघतोय, त्याला मी तुमचं पूररेषेचं सांगितलं: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आता तो आधी नकाशा मागतो, मग घर बघतो.

परक्यांसाठी एवढं का करता, असं ह्यांनी विचारलं होतं. "पाणी आलं नाही की आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. नव्या माणसानं निदान माहीत करून घेऊन यावं." पैसे तर तुम्ही घेतले नाहीतच, चहाचेही आम्हाला देऊ दिले नाहीत.

आता आमचं घर झालंय. खालच्या अंगाला आहे, अंगण लहान आहे, पण कागद स्वच्छ आहेत आणि सासूबाई एकट्या देवळापर्यंत जाऊन येतात. येत्या गुरुवारी वास्तुशांत आहे. काकूंना घेऊन या, जेवूनच जायचं. आणि एक विचारायचं होतं. आमच्या जुन्या इमारतीतलं एक कुटुंब आता साताऱ्यात जागा बघायला येणार आहे, बरोबर म्हातारे आईवडील आहेत. त्यांना तुमच्याकडे पाठवलं तर चालेल का, तेवढं कळवा.

आपली नम्र,
आता सातारकर झालेली एक डोंबिवलीकर