फेलिक्सच्या घरी वादक येत

मिरज

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून हे पत्र. तुझ्या डोकेदुखीविषयी पुन्हा विचारायचे नाही, असे ठरवून लिहायला बसलो आहे. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनने सोळाव्या वर्षी आठ तंतुवाद्यांसाठीचे ऑक्टेट लिहिले आणि तू तेविसाव्या वर्षीही लाइपझिगमध्ये, त्यानेच 1843 मध्ये उभारलेल्या संगीतशाळेत, अजून धडेच गिरवते आहेस, असे तू म्हणालीस. त्याच्या घरी जे होते ते आपल्या घरी कुठे होते, हा तुझा प्रश्न रात्रभर डोक्यातून गेला नाही.

प्रश्न खरा आहे. वडील आब्राहाम बर्लिनमधले पेढीवाले, आजोबा मोझेस नावाजलेले तत्त्वचिंतक, शिकवायला झेल्टरसारखे गुरू, आणि मुलाने लिहिलेले रविवारी वाजवून पाहण्यासाठी घरी बोलावलेले व्यावसायिक वादक. बारा ते चौदा या वयात त्याने तंतुवाद्यांसाठी बारा सिंफनी लिहिल्या. व्हायोलाची ओळ कुठे बुडते, हे कागदावर न दिसणारे त्याला कानांनी लगेच कळत होते, आणि तुझ्याजवळ त्यासाठी आपल्या माजघरातला संगणक आणि आत्याची पेटी एवढेच होते. श्रीमंतीने प्रतिभा येत नाही, पण आपली चूक लवकर ऐकू येते. हा फरक लहान आहे असे सांगून तुझी समजूत घालणे मला जमणार नाही.

पण त्या पेटीवर काय झाले, ते तू विसरलीस. तुझा हात भात्यापर्यंत पुरत नसे, म्हणून आत्याला भाता मारायला बसवून तू दोन्ही हातांनी वाजवायचीस. एकदा उजव्या हाताने भजनाची चाल चालू असताना डाव्या हाताने तू खाली निराळीच चाल धरलीस. आत्या भाता मारायची थांबली आणि म्हणाली, ‘‘अरे, ही खाली दुसरेच काहीतरी गाते आहे.’’ हे तुला कोणीही शिकवले नव्हते.

त्या घरातली मुले अभ्यासासाठी पहाटे पाचला उठत, हेही लक्षात घे. रात्री तीनपर्यंत दिव्याखाली बसून सकाळी डोके धरणाऱ्या मुलीने त्या घराची फक्त श्रीमंती मोजू नये. हे व्याख्यान झाले. राग मानू नकोस.

एवढे वैभव असूनही आब्राहाम 1825 मध्ये फेलिक्सला घेऊन पॅरिसला गेले आणि त्याने संगीतालाच वाहून घ्यावे का, हे तिथल्या नामवंत संगीतकार केरुबिनींना विचारून आले. मीही तुझी निळी वही घेऊन एका जाणत्या माणसाकडे गेलो होतो, हे तुला ठाऊक नाही. सांगलीचा प्लॉट त्यानंतर विकला. उपकार म्हणून हे सांगत नाही. ती वही त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतली, तेव्हा मला काय वाटले ते लिहिता येत नाही.

मला मात्र फेलिक्सपेक्षा त्याची बहीण फॅनी जास्त आठवते. तीन वर्षांनी मोठी, तेच घर, तेच गुरू. 1820 मध्ये वडिलांनी तिला लिहिले की फेलिक्सचा संगीत हा कदाचित व्यवसाय होईल, तुझा तो केवळ अलंकार राहील. तिची काही गाणी भावाच्या नावाने छापली गेली. 1842 मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यातले एक आवडीने गायिले, तेव्हा ते बहिणीचे आहे हे त्याला सांगावे लागले. तिच्याकडे पैसा होता, वादक होते, फक्त वडिलांचा होकार नव्हता. तो तुला पहिल्या दिवसापासून आहे, आणि कालच्या फोननंतरही आहे.

1847 च्या मे महिन्यात रविवारच्या मैफलीची तालीम चालू असताना फॅनी कोसळली आणि गेली. नोव्हेंबरमध्ये तोही गेला. ती 41 वर्षांची, तो 38 वर्षांचा, आणि दोघांनाही मेंदूचा झटका. तुझी आजी कशी गेली, हे तू जवळून पाहिले आहेस. विचारायचे नाही असे ठरवले होते, तरी विचारतो: बीपी तपासलेस का?

तुझी नवी चौकडी चार वादकांकडून दोन तास वाजवून घ्यायला तिकडे किती पैसे लागतात, ते कळव, मी पाठवतो. त्याच उत्तरात बीपीचा आकडाही लिही.

तुझा,
बाबा