वणीला निघण्याआधी गाडीचं पाणी बघा

डेट्रॉइट

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

चैत्रात सगळे मिळून आपल्या जुन्या गाडीनेच वणीच्या गडावर जाणार, असं आई फोनवर म्हणाली. इथे नुकतंच आमच्या व्हॅनचं काम निघालं होतं. त्यातलं बरंचसं तुमच्या उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची व्हॅनही आता म्हातारी झाली आहे. मागच्या सीटसाठी तिला वेगळा हीटर आहे. इंजिनातलं गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव, आपण त्याला पाणीच म्हणतो) दोन नळ्यांमधून गाडीच्या पोटाखालून मागे जातं आणि परत येतं. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, शहराच्या खाली तर मिठाची खाणच आहे. ते खारं पाणी खालून उडत राहतं. धातूची नळी जिथे रबरी होजला मिळते, नेमकी तिथे ती कुजली होती. बोटाने दाबली तर गंजाचे पापुद्रे निघाले आणि त्यातून कूलंटचा थेंब आला.

तुमच्या सुनेला आधीच शंका आली होती. गाडीत गोडसर वास येत होता आणि हीटर मध्येच गार हवा फेकत होता. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र जागचा हलला नव्हता. बाबा, पाणी फारच कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खरं सांगत नाही. नुसत्या काट्यावर विसंबून घाट चढू नका.

मिस्त्री म्हणाला, मागचा हीटर बंदच करून टाकू. स्वस्तात झालं असतं, पण मागे मुलं बसतात. म्हणून चांगला धातू लागेपर्यंत नळी कापली, टोक घासून गुळगुळीत केलं आणि त्याला किंचित ओठ काढला, म्हणजे दाबाने होज निसटत नाही. मग हीटरचा नवा होज आणि दोन्हीकडे क्लिपा. लेप लावून भागवणं मला पटत नाही. खरा वेळ नळ्यांत अडकलेली हवा काढण्यात गेला. दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवलं आणि मागून गरम हवा येईपर्यंत कूलंटची भर घालत राहिलो. सांडलेलं लगेच पुसलं, कारण ते गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांना विष असतं.

आपल्या गाडीला मागे हीटर नाही आणि नाशकात रस्त्यावर मीठही नाही, पण रबर उन्हाने आणि वयाने जातंच. इंजिन गार असताना रेडिएटरचे वरचे-खालचे होज दाबून बघा. टोकाशी फुगलेत का, मऊ पडलेत का, तडे गेलेत का? बोअरचं पाणी ओतू नका, क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला.

आणि वाटेत गाडी तापलीच तर बाजूला घेऊन बंद करा, पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत दाब असतो म्हणून 100 अंशांच्या वरही पाणी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते उसळून अंगावर येतं. पूर्वी कसारा घाटात तुम्ही ओलं फडकं टाकून झाकण उघडायचात. तुमचे हात वाचले ही देवीचीच कृपा. आता तसं करू नका, माझी विनंती आहे.

होज बदलायचा झाला तर जुना दुकानात घेऊन जा, वळण आणि माप तंतोतंत जुळायला हवं. क्लिपाही नव्याच घ्या. पैसे मी पाठवतो. सातपूरच्या मिस्त्रींनी काय सांगितलं ते कळवा.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळ